पुण्याहून आणलेला बादशहा

५ जुलै

मधुसूदनजींनी आज माझं नाटक परत केलं. पहिला अंक वाचला म्हणाले, पुढे वाचवलं नाही.

"सरिता मॅडम, मेक्सिको कोण पाहील? आपल्या प्रेक्षकाला गोंदियाच्या पलीकडे न्यायचं तर तिकीट काढून द्यावं लागते."

सगळे हसले. मीही हसले, आणि घरी येईपर्यंत त्या हसण्याचा मला राग येत राहिला.

मंडळ मधुसूदनजींनी काढलं, हे खरं. नागपूरच्या महाल भागातल्या त्यांच्या घराच्या माडीवर आम्ही वर्षानुवर्षं तालमी केल्या. पण राज्य नाट्य स्पर्धेत दरवर्षी दिग्दर्शक तेच, नायक तेच आणि निकालही तोच. अंतिम फेरी आम्ही वर्तमानपत्रातच वाचतो.

मी त्यांना गोष्ट पुन्हा सांगून पाहिली. ऑस्ट्रियाच्या सम्राटाचा धाकटा भाऊ, मॅक्सिमिलियन. फ्रान्सचं सैन्य मेक्सिकोत घुसलेलं. तिथले काही जमीनदार आणि धर्मगुरूंची माणसं समुद्र ओलांडून याच्या महालात येतात आणि म्हणतात, आमचे बादशहा व्हा. तो विचारतो, जनतेला मी हवा आहे का? ते गावोगावचा कौल त्याच्यापुढे ठेवतात. फ्रेंच शिपाई उभे करून घेतलेला कौल. कोणी नाही म्हटलं नव्हतं, एवढंच त्यात खरं होतं. हा ते होकार मानतो आणि निघतो. तीन वर्षांनी त्याच देशाचं सरकार त्याला टेकडीवर उभं करून गोळ्या घालतं. त्या सरकारचा प्रमुख बेनितो जुआरेझ. झापोतेक आदिवासी, अनाथ, मेंढ्या राखणारा, बारा वर्षांचा होईपर्यंत स्पॅनिश न येणारा. पुढे वकील, पुढे राष्ट्राध्यक्ष. राजधानी हातची गेली तरी एका काळ्या बग्गीतून तो आपलं सरकार घेऊन देशभर फिरत राहिला. हे सांगताना माझा आवाज चढतो, मला माहीत आहे. कामठीच्या कॉलेजात इतिहासाच्या तासालाही चढतो.

जितेंद्र म्हणाला, "हा जुआरेझ मले द्या, मॅडम. काळा आहो, बुटका आहो. इंदूबाईचा मेकअपचा रंग वाचते." जितेंद्र दरवर्षी दिवाळीनंतर झाडीपट्टीत गावोगावच्या नाटकांचा सीझन करतो. गावात मांडव भरला की हा मागच्या रांगेतल्या म्हातारीला रडवू शकतो.

शेवटचा प्रवेश मी त्याच्याकडे बघूनच लिहिला आहे. बादशहाचा जीव वाचवा म्हणून एक बाई जुआरेझपुढे गुडघे टेकते आणि तो नाही म्हणतो. का नाही म्हणतो, ते सांगतो. तो प्रवेश रंगमंचावर यावा म्हणून मी बाकीचं नाटक लिहिलं.

१३ जुलै

वाट सापडली. आमच्या शिक्षणसंस्थेच्या अध्यक्षांनी अभिनयाचा वर्षभराचा अभ्यासक्रम सुरू केला आहे. तो चालवायला पुण्याहून श्रीरंग नावाचे दिग्दर्शक आलेत. चाळिशीचे असतील. त्यांनी नाटक बसवलं तर तालमीला संस्थेचा हॉल मिळेल.

मंडळाची सचिव म्हणून मी प्रत्येकाला वेगवेगळं विचारलं, म्हणजे भिडेचा प्रश्न राहू नये. आमचे कपडे आणि मेकअप बघणाऱ्या इंदूबाई म्हणाल्या, "होऊन जाईल नं." जितेंद्र म्हणाला, "तुमी म्हणता तर पाहू." नूपुर खूश झाली, ती लहान आहे, तिला नवीन काहीही चालतं. बाकीच्यांनीही मान हलवली. मधुसूदनजी म्हणाले, "मी कोण अडवणारा? बुलाओ."

कोणीही नाही म्हटलं नाही. मी श्रीरंग सरांना लिहिलं, मंडळाची एकमुखाने इच्छा आहे.

रविंद्र जेवताना म्हणाला, "नागपुरात कोणी नाही म्हणते का वं? इथे 'होऊन जाईल' म्हणते."

नवऱ्याला प्रत्येक गोष्टीत विनोद दिसतो.

२० जुलै

पहिली बैठक. श्रीरंग सर उभे राहून म्हणाले, "मी बाहेरचा माणूस आहे. सगळ्यांना मनापासून हवं असेल तरच मी हे करीन. कोणाला नको असेल तर आत्ताच सांगा, मला अजिबात वाईट वाटणार नाही."

सगळे चहात बघत बसले. मग मधुसूदनजी म्हणाले, "नागपूरचा माणूस पाहुण्याला नाही म्हणत नाही, सर."

श्रीरंग सरांनी छातीवर हात ठेवून मान झुकवली.

बादशहा ते स्वतः करणार. उंच, गोरे, दाढी ठेवायला तयार. मधुसूदनजींना आर्चबिशप दिला. रात्री सगळ्यांना तालमीच्या शिस्तीची पीडीएफ आली. मोबाइल टोपलीत, चपला बाहेर एका ओळीत, सुरुवातीला श्वासाचा व्यायाम, एकमेकांना नावाने हाक. मॅक्सिमिलियननेही मेक्सिकोच्या वाटेवर, जहाजातच, दरबारी शिष्टाचाराचं पुस्तक लिहायला घेतलं होतं. मला एकटीला हसू आलं. ते मी कोणाला सांगितलं नाही, याची नोंद.

११ ऑगस्ट

तालमीनंतर सर सगळ्यांना घेऊन सावजीच्या तिखट रस्श्याच्या खानावळीत गेले. त्यांना "इथलं इथल्यासारखं" खायचं होतं. दुसऱ्या घासाला डोळ्यांतून पाणी, नाक लाल, आणि वेटरला म्हणतात, "मले अजून रस्सा द्या."

जितेंद्र ताटात बघत म्हणाला, "द्या गा. बादशाले द्या."

बादशहा मेक्सिकोत गेला आणि तिथल्या घोडेस्वारांची मोठी टोपी, चांदीच्या बटणांची विजार घालून फिरायला लागला. त्याला वाटायचं, लोक कौतुकाने बघतायत.

न्याय्य असावं म्हणून दुसरी बाजूही लिहिते. आमच्याकडे तालमीत चहा कायम पोरींनी करायचा. सरांनी आल्याच्या आठवड्यात ते बंद केलं. आता पाळी लागते, आणि काल मधुसूदनजींना कप विसळावे लागले. इंदूबाईंना खुर्ची मिळाली, त्यांचं मत विचारलं जातं. शेवटच्या प्रवेशाच्या वेळी सर जितेंद्रबरोबर तासभर जमिनीवर बसून होते. मला जे इतकी वर्षं खुपत होतं ते या माणसाने आल्याआल्या बदललं.

मग मला बरं का वाटलं नाही? आम्ही मागितलं नव्हतं म्हणून? पण मी तर मागत होते, मनातल्या मनात.

२८ ऑगस्ट

आज पहिली खरी बाचाबाची.

मी ती जशीच्या तशी उतरवून ठेवते, म्हणजे पुढे माझ्या आठवणीत ती वाढणार नाही.

सर: "सरिता, जुआरेझ फार भाषण करतो. तुमच्याकडे भाषणं ऐकली जातात, मला कल्पना आहे, पण परीक्षक कंटाळतील."

मी: "तुमच्याकडे म्हणजे कुठे?"

सर: "म्हणजे विदर्भात."

आणि ते लाल झाले. त्यांच्या मनात विदर्भ नव्हता, आमच्या वस्तीतली जयंतीची भाषणं होती, हे मी पैजेवर सांगेन. सांगेन, पण पुरावा नाही. लाल तर ते रस्श्यानेही झाले होते.

घरी आल्यावर रविंद्रला सांगितलं. तो म्हणाला, "म्हटलं असेल बाप्पा तसंच. पण भाषण लंबं आहे का, ते सांग."

लांब आहे.

२ ऑक्टोबर

धम्मचक्र प्रवर्तन दिन. सरांनी तालमीला सुट्टी दिली, आणि मग विचारलं, "मी येऊ का तुमच्याबरोबर दीक्षाभूमीला? चालेल ना?"

मी म्हटलं, "या ना, अवश्य."

मला नको होतं. हा आमचा दिवस. माझ्या सासूबाई, बायजाबाई, नऊ वर्षांच्या असताना छप्पन साली आईच्या कडेला उभं राहून बावीस प्रतिज्ञा म्हणाल्या होत्या. त्या दिवशी घरातून निघताना आम्ही मोठ्याने बोलतसुद्धा नाही. आणि हे पांढरा झब्बा घालून हजर. फोटो काढले नाहीत. रांगेत आमच्यामागे उन्हात उभे राहिले. आमच्या वस्तीच्या भोजनदानाच्या स्टॉलवर पातेली उचलली, वाढलं, हात पोळला तरी बोलले नाहीत. सासूबाईंनी त्यांची हनुवटी धरून विचारलं, "कोणाचा वं हा पोरगा? उपाशीच दिसते."

परतताना म्हणाले, "जुआरेझचा शेवट मला आज कळला."

त्यांचं वागणं निर्दोष होतं. तोच मला त्यांचा दोष वाटला. असं वाक्य मी लिहून बसले आहे, ते खोडत नाही.

९ ऑक्टोबर

शेवटचा प्रवेश काढला.

सगळ्यांसमोर, शांतपणे, जणू खुर्ची इकडून तिकडे ठेवायची आहे. सर म्हणाले, "जुआरेझ नाही म्हणतो हे आपण दाखवायचं नाही. तो नकार बादशहापर्यंत पोचतो ते दाखवायचं. बोलणारा माणूस नको, ऐकणारा हवा. मग टेकडी. शिपायांना तो म्हणतो, चेहऱ्यावर मारू नका. अंधार."

म्हणजे शेवटी रंगमंचावर तेच एकटे.

जितेंद्रने हातातली टोपी बाकावर ठेवली. "मंग मी घरी केव्हा जाऊ, पहिल्या अंकातच?"

मी म्हटलं, हा प्रवेश म्हणजे नाटक आहे. सर माझ्याकडे वळून म्हणाले, "तुम्हाला माहीत नाही, सरिता, तुम्ही काय लिहिलंय. त्या परक्या माणसाचं मरण तुम्ही इतक्या मायेने लिहिलंय. जुआरेझ तुम्ही नुसता आदराने लिहिलाय."

घरी येऊन पुन्हा सगळं वाचलं. मरणाचा प्रवेश चांगला आहे. तो कसा चांगला झाला कळत नाही. मला तर तो माणूस आवडत नाही. त्याने कर्जात अडकलेल्या मजुरांना सोडवणारे हुकूम काढले, फटक्यांची शिक्षा बंद केली, ज्या धर्मगुरूंनी आणलं त्यांनाच दुखावलं, सगळं कबूल. आणि त्यानेच तो काळा हुकूम काढला: हत्यारासह सापडेल त्याला चोवीस तासांत गोळी, दयेचा अर्ज नाही. त्याच्या भलेपणाबद्दल लोक बोलतात तेव्हा मला त्या हुकुमाची आठवण येते. कोणी बोलवलं होतं?

१४ ऑक्टोबर

मधुसूदनजींच्या घरी गेले. त्यांनी चहा दिला, चिवडा दिला, मला सगळं बोलू दिलं.

मग म्हणाले, "बादशहा आणला तुम्ही, आणि तक्रार घेऊन आल्या माझ्याकडे."

मी म्हटलं, सगळ्यांना विचारलं होतं. तुम्हीसुद्धा बुलाओ म्हणाला होता.

"म्हटलं नं. तुम्ही कंबर बांधूनच आल्या होत्या, मॅडम. तुमच्या तोंडावर कोण नाही म्हणते?"

हे अन्यायाचं बोलणं आहे. पण दुसऱ्याचं बोलणं मी गाळत नाही, म्हणून लिहिलं. विचारताना मी कोणाचाही हात पिरगाळला नव्हता.

निघताना विचारलं, तुम्ही बसवलं तर शेवटचा प्रवेश ठेवाल? त्यांनी रिकामी कपबशी उचलली. "ठेवू. पण बादशहा मी करीन."

२९ ऑक्टोबर

दिवाळीपासून तालमीला कोणी येत नाही. इंदूबाईंचे गुडघे दुखतात. जितेंद्र सीझनसाठी वडसाला. बाकीचे "निघालोच" म्हणतात आणि निघत नाहीत. मी आज सव्वासहाला पोचले तर हॉलमध्ये सर आणि नूपुर, दोघेच. चपला बाहेर एका ओळीत: दोन जोड. सर श्वासाचा व्यायाम घेत होते.

मला दया आली. लगेच संतापही आला, की आता हा माणूस मला दया करायला लावतो आहे.

१ नोव्हेंबर

अध्यक्षांनी अभ्यासक्रम बंद केला. विद्यार्थी मिळाले नाहीत. हॉल आता लग्नांना देणार. फ्रान्सच्या सम्राटानेही असंच एक दिवस सैन्य परत बोलावलं.

संध्याकाळी सर आमच्या घरी आले. संहितेची प्रत परत द्यायला. उद्याच्या गाडीने पुण्याला निघतो म्हणाले, तिथे एक काम मिळतंय. रविंद्रने पाणी दिलं. सर ग्लास हातात धरून बसले.

"सरिता, मला एकदा खरं सांगा. मी यांना नको आहे का? नको असेन तर राग नाही. पण कोणी सांगतच नाही इथे. मला नुसतं समजून घ्यावं लागतं, आणि मला ते येत नाही."

मी म्हटलं, "असं काय बोलता, सर? सगळे तुमची वाट पाहतायत. दिवाळीमुळे जरा विस्कळीत झालं."

त्यांचा चेहरा उजळला. ग्लासातलं पाणी एका दमात संपवलं. मग म्हणाले, "मग थांबतो. आणि तुमचा प्रवेश परत घेऊ. तुमचं बरोबर होतं, त्याला बोलू द्यायला हवं."

मला जे हवं होतं ते मिळालं.

ते गेल्यावर रविंद्र म्हणाला, "कोण वाट पाहून राहिलं वं?"

मी म्हटलं, प्रयोग तीन आठवड्यांवर आलाय. बादशहाशिवाय नाटक कसं होईल?

"तो गाडीत बसून चालला होता."

मॅक्सिमिलियनसुद्धा निघाला होता. सैन्य परत जाणार हे ठरल्यावर तो राजधानी सोडून समुद्राच्या वाटेला ओरिझाबापर्यंत आला, सामान पुढे रवाना झालं होतं. तिथे त्याच्या सल्लागारांनी त्याला सांगितलं, प्रजेला तुम्ही हवे आहात. तो मागे फिरला. हे मी दुसऱ्या अंकात लिहिलं आहे. त्या सल्लागारांना मी फार वाईट लिहिलं आहे.

५ नोव्हेंबर

कोणी परत येत नाही. फोनवर फोन केले. जितेंद्र वडसाहून म्हणाला, "मधुभाऊ बसवत असतील तर येतो. पुण्याच्या बुवासमोर आता पुन्हा नाही येत, मॅडम. त्यानं मले तास-तासभर एक शब्द शिकवला आणि मंग तो शब्दच काढून टाकला. माणसाचं असं करते का कोणी?"

मी सांगितलं की सरांनी प्रवेश परत घेतला आहे.

"मर्जी झाली म्हणून काढला, मर्जी झाली म्हणून घेतला. काय भरवसा?"

म्हणजे हिशेब साधा आहे. सर राहिले तर प्रवेश आहे, माणसं नाहीत. मधुसूदनजी आले तर दोन्ही आहे. मी हे कितीही वेळा उलटंसुलटं केलं तरी उत्तर तेच येतं. उत्तर मला सोयीचं आहे म्हणून ते चूक ठरत नाही.

८ नोव्हेंबर

मंडळाची बैठक, एका शाळेच्या वर्गात. आम्ही पोरांच्या बाकांवर गुडघे दुमडून. सर वेळेआधी येऊन बसले होते. एवढी माणसं एकदम आलेली पाहून त्यांना आनंद झाला. उठून प्रत्येकाला नावाने हाक मारली.

मधुसूदनजींनी फिरवाफिरव केली नाही. "मंडळाला वाटते की नाटक आता घरच्या माणसानं बसवावं. श्रीरंगजींच्या बाजूनं कोण आहे, हात करा."

नूपुरने केला.

"आणि दुसऱ्या बाजूनं?"

हात एकदम वर आले नाहीत. एक जण शेजारच्याकडे बघे, तो तिसऱ्याकडे. मग जितेंद्रने केला, इंदूबाईंनी खाली बघत केला, मग भराभर. माझ्या हाताची गरज नव्हती. सचिव म्हणून मी तटस्थ राहू शकले असते. पण तटस्थ राहणं हा भ्याडपणा झाला असता, असं मला त्या क्षणी वाटलं, आणि मी हात वर केला.

सर माझ्याकडे बघत होते. म्हणाले, "गेल्या शनिवारी सगळे माझी वाट पाहत होते."

मधुसूदनजींनी विचारलं, "कोण म्हणे असं?"

सर माझ्यावरची नजर काढून खिडकीबाहेर बघायला लागले. "मला तसं वाटलं होतं," म्हणाले.

माझं नाव त्यांनी घेतलं नाही. मला लाजवायलाच ते मुद्दाम टाळलं असावं. पुण्याची माणसं अशीच टोचतात.

दारात इंदूबाई त्यांना म्हणाल्या, "जेवून जा जी, घरी भाकरी टाकते." आत्ताच हात वर केला होता त्यांनी. सर "होऊन जाईल" म्हणाले आणि जिना उतरून गेले. या गावाचा तेवढा एक शब्द त्यांना बरोबर बोलता आला.

९ नोव्हेंबर

नूपुर घरी आली. बसायला सांगितलं तरी उभीच.

"मॅडम, दिग्दर्शन मधुसूदनजींना करू द्या. पण बादशहा सरांना करू द्या. ते अजून गावात आहेत, लॉजवर. चार महिने त्यांनी त्या माणसाशिवाय काही केलं नाही. तुम्ही म्हटलं तर सगळे ऐकतील."

मी म्हटलं, "हा निर्णय माझा नाही, नूपुर. मंडळाचा आहे."

बोलता बोलता माझ्या लक्षात आलं की ही जवळजवळ माझीच ओळ आहे. जुआरेझ त्या बाईला म्हणतो, याचा जीव मी घेत नाही, या देशाचा कायदा घेतो आहे. त्या प्रवेशात नूपुरच ती बाई करते. क्षणभर मला भारी वाटलं, की वेळ आल्यावर मीही तशी उभी राहू शकते.

ती म्हणाली, "जुआरेझकडे निदान कायदा होता, मॅडम."

एवढीशी पोर. मी तिला मंडळात आणलं. रविंद्र तिला गाडीवर सोडायला गेला आणि परत येऊन टीव्ही लावून बसला. त्याच्याकडे विनोद नसला की घर मोठं वाटतं.

१९ नोव्हेंबर

तालमी माडीवर, पूर्वीसारख्या. चहा पुन्हा नूपुर करते. कोणी सांगितलं नाही, तीच उठली. बादशहाचा डगला मधुसूदनजींच्या पोटावर मिटत नाही. इंदूबाई तोंडात टाचण्या धरून म्हणाल्या, "राज्य वाढलं, डगला तेवढाच राहिला."

प्रवेश आहे. ठरल्याप्रमाणे. मधुसूदनजींनी शब्द पाळला, हे लिहिलंच पाहिजे.

२४ नोव्हेंबर

आज प्रयोग झाला.

दुसऱ्या अंकानंतर विंगेत होते तेव्हा फोनवर निरोप आला. श्रीरंग सर, पुण्याहून.

"प्रयोगाला शुभेच्छा. एकच सांगायचं होतं. ती बाई बोलायची थांबली की जितेंद्रने लगेच 'नाही' म्हणू नये. आधी तिच्याकडे बघावं. हो म्हणता येईल का, हे त्याला एकदा बघू द्या. मग म्हणू द्या. त्याला ते सुंदर जमतं, आम्ही दोघांनी मिळून शोधलं होतं."

वाचल्याबरोबर कळलं की हे बरोबर आहे. संहितेत मी ती जागा सोडलीच नव्हती. त्या बाईचं वाक्य संपतं आणि पुढच्या ओळीवर "नाही" आहे. मला वाटायचं, न्यायी माणसाला वेळ लागत नाही.

जितेंद्र हाताच्या अंतरावर होता. काळा कोट, केस चापून बसवलेले, पाणी पीत होता. मी नुसतं हळू सांगायचं होतं, बघ तिच्याकडे. पण प्रयोगाच्या दिवशी सूचना फक्त दिग्दर्शक देतो, हा मंडळाचा नियम आहे. चांगला नियम आहे. मी फोन पर्समध्ये टाकला.

नूपुरने गुडघे टेकले. ती इतकं हळू बोलली की मागच्या रांगांमधलं खोकणं थांबलं. तिचं शेवटचं वाक्य संपतं न संपतं तोच जितेंद्र गरजला, "नाही."

टाळ्या. शिट्या. जितेंद्रला मांडवाची सवय; टाळ्या पुऱ्या होईपर्यंत छाती काढून उभा राहिला. मग कायद्याबद्दल, परक्या राजाबद्दल, मेंढ्या राखणाऱ्या पोराबद्दल तो जे बोलला त्यावर पुन्हा टाळ्या, आणि अर्धे शब्द त्यांतच गेले. या शब्दांसाठी मी भांडले होते. जिंकणारा माणूस बोलत होता. मी काळ्या बग्गीतून फिरलेला माणूस लिहिला होता. लिहिला होता का, हे उद्या संहिता उघडून बघेन.

दिवे गेल्यावर नूपुर तशीच गुडघ्यांवर होती. इंदूबाईंनी अंधारात तिला हात धरून उठवलं.

नंतर मंडळी विंगेत आली. मधुसूदनजींच्या डोळ्यांत पाणी होतं, दाढी एका बाजूने सुटली होती. "मॅडम, काय नकार लिहिला तुम्ही," म्हणाले. सगळे तेच म्हणाले. मी आभार मानले.

घरी येऊन सरांच्या निरोपाला उत्तर लिहिलं. चार वेळा लिहिलं, चार वेळा पुसलं. शेवटी पाठवलं ते असं: "प्रयोग छान झाला. आज सगळ्यांना तुमची फार आठवण आली."

कोणीही काढली नव्हती. पण तसं लिहिणं बरं दिसलं नसतं.